खवलेल्या नारळाचं हिम

लिमोन, जुलैचा शेवटचा आठवडा
(तारीख घातली होती. छपरातून थेंब पडला आणि नेमकी तीच पुसली गेली.)

आदरणीय लिओनीताई,

धाकट्या चुलत भावाचा, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कंबर जेवढी वाकते तेवढी वाकवून केलेला नमस्कार. तुझा डावा गुडघा कसा आहे? (की उजवा? नाताळच्या पत्रात तू डावा लिहिलास आणि ईस्टरच्या पत्रात उजवा. दोन्ही दुखत असतील तर दोन्हींची चौकशी केली असं समज.) तुझी मुलं, सुना, आणि तो ट्रम्पेट वाजवणारा नातू, सगळ्यांना माझे आशीर्वाद. इकडे सारं बरं आहे. घर उभं आहे. बागेतला तो आळशी, झाडाला लटकलेला स्लॉथ अजून त्याच बदामाच्या झाडावर आहे आणि मी त्याच खिडकीत. गेल्या वर्षभरात दोघांपैकी जास्त कोण हललं हे सांगता येणार नाही. फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर तू "काय? काय?" करतेस, मी मोठ्यानं सांगतो, आणि मग अख्ख्या गल्लीला कळतं, एक तुला सोडून. शिवाय विषय पोस्टमनचा आहे. पोस्टमनची गोष्ट फोनवर सांगणं मला बरं वाटेना.

तर ऐक. आपल्या जमैकन वंशज वारसा मंडळाचा सोहळा येत्या एकतीस ऑगस्टला आहे, हे तुला ठाऊकच आहे. अध्यक्ष अजून क्रिक्लोच. रेल्वेत गार्ड होता तो. गाडी बंद पडून जमाना झाला, पण मंडळाची सभा अजून त्याच्या शिट्टीवर सुटते आणि शिट्टीवरच थांबते. मध्येच कुणी बोलायला लागलं तर तो लाल फडकं दाखवतो. (आमच्यापैकी निम्म्यांना ऐकू येत नाही, त्यामुळे फडक्याचा उपयोग होतो.) मंडळाच्या हॉलमध्ये इंग्रज राजाचा फोटो अजून टांगलेला आहे, पण वाळवीनं राजाला खालून खायला सुरुवात केली, आणि पदकं, पट्टा, खांदे संपवून ती आता मिशीपर्यंत आली आहे. क्रिक्लो म्हणतो, काढायचा नाही, डोळे शाबूत आहेत तोवर राजा आपल्याकडे बघतोय. आणि पहिल्या रांगेत मधोमध ती इंग्रज व्हाइस कॉन्सलची खुर्चीही अजून आहे. शेवटचा कॉन्सल गेला तेव्हा आपण दोघं शाळेत होतो. तरी दर सोहळ्याला तिच्यावर पांढरा अभ्रा चढतो आणि क्रिक्लो भाषणाच्या सुरुवातीला त्या रिकाम्या खुर्चीला मान लववतो. मागच्या वर्षी तिच्यात मांजर व्यालं होतं. त्यानं मांजरीलाही मान लववली.

आता या वर्षी सचिव झाली आहे याहाइरा. माझ्या भावाची नात, शाळेत शिकवते, आणि बोलताना हातात नेहमी पेन धरते, म्हणजे समोरच्याला आपण चुकलो असंच वाटत राहतं. तिनं कार्यक्रमाची यादी काढली: ढोल, कॅलिप्सोची गाणी, मुलींचा नाच, जमैकाहून इथे रूळ टाकायला आलेल्या पणजोबांवर एक नाटुकलं. सगळं छान. मी विचारलं, आणि कविता?

"कुठली कविता, आजोबा?"

"कुठली म्हणजे? टॉमची."

ताई, तिला टॉम माहीत नव्हता! आपल्या वेळी मिस पेटग्रेव्हच्या व्हरांड्यात बसलेल्या प्रत्येक पोराला टॉम पोस्टमन सख्ख्या काकापेक्षा जवळचा होता. सकाळी सरकारी शाळेत स्पॅनिश, आणि दुपारी मिसकडे इंग्रजी पुस्तक, चिंचेची छडी आणि टॉम. मी तिला तिथेच उभं राहून ऐकवलं:

हिमात बुडल्या वाटा साऱ्या, हिमात बुडले गाव,
तरी चालतो टॉम एकटा, पुसत घरांचे नाव.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. (शिक्षिका आहे, शेवटपर्यंत ऐकायची सवय आहे.) मग म्हणाली, "आजोबा, गोऱ्यांच्या पुस्तकातला गोरा पोस्टमन गोऱ्यांची पत्रं घेऊन पांढऱ्या बर्फातून चाललाय. यात आपलं काय आहे?" मी म्हटलं, "त्याचे बूट फाटलेत. ते आपलं." तिनं पेनाचं टोपण लावलं. मला वाटलं, जिंकलो. पण मग तिनं अट घातली, आणि सगळी कथा त्या अटीची आहे. म्हणाली, कविता घेते, पण पूर्ण. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, चारही कडवी. अर्धवट, अडखळत, "पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे" असलं काही नको. जमलं तर या वर्षी आणि पुढेही दर वर्षी टॉम यादीत राहील, तिच्या शाळेतली मुलं पाठ करतील. नाही जमलं तर त्या जागी ढोल, कायमचा. क्रिक्लोनं शिट्टी वाजवली. ठराव मंजूर.

मी आनंदानं हो म्हटलं. रंगीत तालीम गेल्या शनिवारी ठरली, सकाळी, कारण त्याच दुपारी हॉलमध्ये सभासदांचं वार्षिक जेवण होतं. मला वेशभूषा पाहिजे म्हणून मी तू पाठवलेला तो लोकरी ओव्हरकोट काढला. (तू विचारायचीस ना, वापरतोस का? वापरतो. पॅन बॉनच्या गोड पावाची कणीक फुगायला ठेवली की तिच्यावर घालतो. लिमोनमध्ये त्याहून चांगला उपयोग मला सुचला नाही, राग मानू नकोस.) तो चढवला, मान वर केली, पाठीला टपालाची पिशवी, आणि हॉलपर्यंत चालत गेलो. वाटेत तिघांनी विचारलं, बरं वाटत नाही का, आणि एकीनं दालचिनीचा वास येतो म्हणून मी काय विकतोय असं विचारलं.

हिम हवं हा आग्रह क्रिक्लोचा. हिमाशिवाय टॉम म्हणजे रुळाशिवाय गाडी, असं त्याचं म्हणणं. याहाइरानं कागदाचे कपटे करून ठेवले होते, पण आपल्या हवेत कागदाचं काय होतं तुला माहीत आहे: सकाळपर्यंत त्यांचा एकच गोळा झाला होता, आणि टॉमच्या डोक्यात तो घातला असता तर कविता पहिल्या कडव्यातच संपली असती. क्रिक्लो म्हणाला, "काळजी करू नकोस, एग्बर्ट, मी बघतो." आणि तो मागच्या बाजूला गेला. तिथे स्वयंपाकघर आहे, हे त्याला माहीत होतं, पण ब्याऐंशी वर्षांच्या आयुष्यात कुठल्याही स्वयंपाकघरात पाऊल टाकलेला माणूस तो नाही. त्याला दिसलं ते एवढंच: मोठं घमेलं, वर ओलं फडकं, आणि फडक्याखाली पांढरंशुभ्र, भुरभुरीत, अगदी पुस्तकातल्या चित्रासारखं हिम. त्याला वाटलं, याहाइरानं दुसरं हिम करून ठेवलंय, हुशार पोरगी. घमेलं खांद्यावर घेऊन तो पडद्यामागच्या शिडीवर चढला. (या वयात. तुझ्या गुडघ्याला सांग.)

समोर चाळीसेक माणसं बसली होती, जेवणाला लवकर आलेली. मी सुरुवात केली. ताई, खोटं नाही सांगत, पहिली दोन कडवी मी अशी म्हटली की मिस पेटग्रेव्हनं छडी खाली ठेवली असती. "हिमात बुडल्या" म्हणताना कपाळावर हात, "एकटा" म्हणताना हात छातीवर, सगळं तिनं शिकवलं तसं. आणि वरून हिम पडू लागलं. पहिल्यांदा मऊ, हळू, सुंदर. मग क्रिक्लोला हुरूप आला. ते डोक्यावर, भुवयांवर, कॉलरच्या आत, आणि कोटाच्या आत मी घामानं निथळत होतो त्यामुळे जिथे पडेल तिथे चिकटत होतं. एक कण ओठावर आला. मी जीभ लावली. गोड. कवितेत इतका बुडालो होतो की माझ्या मनात आलं, हिम गोड असतं हे लिओनीताईनं कधी लिहिलं नाही. (तू लिहिलंस ते वेगळंच: की ते दुसऱ्या दिवशी करडं होतं आणि नळ फोडतं. ते पत्र वाचून मला तेव्हा दोन दिवस वाईट वाटलं होतं.)

आलो तिसऱ्या कडव्याच्या शेवटी:

फुटले बूट नि सुजली बोटे, उरले एकच पत्र;
खिडकीमध्ये दिवा कुणाचा जागे सारी रात्र.

आणि मग चौथं. "दार वाजले —" एवढं म्हणालो, हात दारावर ठेवल्यासारखा वर नेला, आणि पुढे काहीच नाही. कोरं.

आता हे पाहा, मी घाबरलो नाही. कशाला घाबरू? आपल्याकडची रीत तुला मी सांगायला नको. पाठांतर करणाऱ्यानं ओळ टाकली की हॉलनं उचलायची. सगळ्यांचं पुस्तक एकच, सगळ्यांना सगळं पाठ. एखादा अडला की मागून दहा बायका, कोपऱ्यातले गोदीवाले, दारातला पाववाला, सगळे एका सुरात पुढचं म्हणायचे, आणि तो पुन्हा पुढे चालू लागायचा. अडणं ही लाजेची गोष्टच नव्हती. उलट लोकांना ते आवडायचं. काही जण तर मुद्दाम अडायचे. तेव्हा मी हात वर ठेवून थांबलो. समोर पाहिलं. हसलोही थोडा. वाट पाहिली.

कुणीच बोललं नाही. वरून हिम पडत होतं, त्याचा आवाज येत होता, इतकं शांत. चाळीस माणसं प्रेमानं माझ्याकडे बघत होती आणि एकालाही पुढचं येत नव्हतं. मी एकेक चेहरा पाहत गेलो, ताई. व्हरांड्यातलं कुणीच नव्हतं. काही वरच्या टेकडीवर पुरलेत, काही तुझ्यासारखे तिकडे गेलेत. माझा हात वरच. मग पहिल्या रांगेतून नर्स मॅक्सिन उठली आणि म्हणाली, "मिस्टर टुलॉक, दोन्ही हात वर करता येतात का? आता हसून दाखवा बरं." तिला वाटलं मला पक्षाघाताचा झटका आला. मी म्हटलं, "मी ठीक आहे, मी वाट पाहतोय." "कुणाची?" तेवढ्यात वरून क्रिक्लो ओरडला, "हिम संपत आलंय, एग्बर्ट! दार उघड!"

दार उघडलं, पण स्वयंपाकघराचं. मिस ड्रुसिला बाहेर आली. ड्रुसिला, मंडळाची स्वयंपाकीण, हातात रिकामं फडकं. तिनं स्टेजकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, वर शिडीकडे पाहिलं.

"माझा नारळ," ती म्हणाली. फार हळू म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

पहाटेपासून खवलेले चाळीस नारळ, ताई. ऐंशी माणसांच्या राइस अँड बीन्सच्या भातात घालायचं दूध त्यातून निघायचं होतं, आणि ते सगळं आता टॉमच्या अंगावर होतं.

"हे हिम आहे," क्रिक्लो वरून म्हणाला, पण आवाज गार्डाचा राहिला नव्हता.

"खाली या, अध्यक्ष. खाली या, मी तुम्हाला हिम दाखवते."

तो उतरेना. शेवटी याहाइरानं शिडी धरली तेव्हा उतरला. ड्रुसिलानं दोघांच्या हातात खवण्या दिल्या. अकरा नारळ शिल्लक होते. आम्ही दोघं मागच्या पायरीवर बसून खवत होतो, मी ओव्हरकोटात (काढता येईना, आत सगळं चिकटलं होतं), आणि ती कमरेवर हात ठेवून उभी. "पातळ खवा. करवंटी नको आत. आयुष्यभर खाल्लं, कधी बघितलं का कसं होतं ते?" मुंग्यांची रांग पायरीपासून माझ्या कॉलरपर्यंत शिस्तीत चालली होती. जेवण झालं, अकरा नारळांचं दूध ऐंशी पानांना, म्हणजे भाताला नारळाची नुसती आठवण. लोक मयताच्या घरी जेवतात तसे खाली मान घालून जेवले, आणि म्हातारी मिस हिल्डा तर भाताकडे पाहून रडली.

पण खवताना एक गोष्ट झाली. मी क्रिक्लोला विचारलं, दार वाजल्यावर पुढे काय होतं रे? तो म्हणाला, टॉम उंबऱ्यावरच मरतो, आणि पत्रात त्याला सरकारनं पेन्शन मंजूर केल्याचं लिहिलेलं असतं. (त्याची स्वतःची पेन्शन सात वर्षं अडली होती, हे लक्षात घे.) नर्स मॅक्सिन म्हणाली, मरत नाही, न्यूमोनिया होतो. याहाइरा म्हणाली, आजोबा, आपण नवं कडवं लिहू या, मी मदत करते. बोलली ती मायेनं, म्हणून मला जास्त लागलं. आणि ड्रुसिला म्हणाली, "दार उघडलं, आत गरम भात होता, बसला, जेवला, संपलं. यात न आठवण्यासारखं काय आहे?" तिचा शेवट मला सगळ्यांत पटला. पण तो पुस्तकातला नाही. मला त्या पुस्तकातलाच हवा आहे. याहाइराचीही अट तीच आहे, आणि दुसरी तालीम मी देणार नाही असं मी सांगून टाकलं आहे. जे काय व्हायचं ते एकतीस तारखेला होईल. तिनं यादीत टॉमच्या पुढे कंसात ढोल लिहून ठेवला आहे. पेन्सिलीनं लिहिलाय, एवढी तिची दया.

तर अशी इकडची हकिकत. बाकी विशेष नाही. गुडघ्याला खोबरेल तेल चोळ. माझ्या अंगाला ते तीन दिवस होतं, आणि खरंच सांगतो, सांधे हलके झाले आहेत.

तुझा धाकटा भाऊ,
एग्बर्ट टुलॉक

ता. क. सहज आठवलं म्हणून लिहितो. ते चौथं कडवं तुला येत असेल, नाही का? म्हणजे येतंच. मी अकरा वर्षांचा होतो, तू तेरा. राजाच्या वाढदिवसाचा जलसा, हाच हॉल. मी "दार वाजले" म्हणून अडलो, आणि हॉल ओळ उचलायच्या आत तू तिसऱ्या रांगेत उभी राहिलीस आणि एकटीनं, खणखणीत, अख्खं कडवं म्हणून टाकलंस. मिसनं बक्षिसाची पेन्सिलींची पेटी तुला दिली. मी रागावलेलो नाही. (सदुसष्ट वर्षं झाली.) पण त्या दिवशी मी दोन्ही कान गच्च दाबून उभा होतो, आणि त्यानंतर हट्टानं ते कडवं कधी शिकलो नाही, कधी कुणी म्हणू लागलं तर उठून बाहेर जायचो. म्हणजे गंमत बघ: आयुष्यभर टॉमवर प्रेम केलं आणि तो पोचला की नाही हे मला माहीतच नाही. तेवढं लिहून पाठव.

ता. क. दुसरा. पत्राला तीन आठवडे लागतात आणि वर पाऊस, शाई फुटते. त्यापेक्षा तू स्वतःच ये. पुढची खोली झाडून घेतली आहे, पलंग खिडकीशी लावला आहे, स्लॉथ दिसतो. विमानतळावर याहाइरा येईल. मी येईन म्हणालो तर ती नको म्हणाली, मी वाटेत कविता म्हणतो म्हणे. तू माझ्या आईच्या अंत्यविधीला आलीस ती शेवटची, आणि तेव्हा आपण दोघंही नीट बोललो नव्हतो. आणि एक गोष्ट लिहायची राहिली ती इथे लिहितो: कान दाबले होते खरे, पण बोटांतून तुझा आवाज येत होता. शब्द नाही कळले. आवाज कळत होता. मला तो तेव्हाच आवडला होता.

ता. क. तिसरा. पाकीट बंद करताना याहाइरा धावत आली. क्रिक्लोच्या पत्र्याच्या ट्रंकेत ते पुस्तक सापडलं! वाळवीनं राजा खाल्ला पण पुस्तकाला तोंड लावलेलं नाही, शेवटचं पानसुद्धा जागेवर आहे. ती पान उघडून मला दाखवणार होती. मी म्हटलं, मिट. कपाटात ठेव, किल्ली तुझ्याकडे ठेव. तिनं पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "आजोबा, तुम्हाला कडवं नकोच आहे ना?" हुशार पोरगी आहे, क्रिक्लो बरोबर म्हणतो. तिनं कंसातला ढोल खोडला नाही, पण अटीत एक बदल केला आहे: कविता पूर्ण व्हायला हवी, मग ती कुणीही पूर्ण करो.

तेव्हा आता कडवं मिळालं म्हणून येत नाही असं लिहू नकोस. कॉन्सलची खुर्ची मी तिसऱ्या रांगेत नेली आहे, तू उभी होतीस त्याच जागी. मला वाटलं क्रिक्लो लाल फडकं दाखवेल. त्यानं खुर्ची झटकली, अभ्रा धुवायला टाकला आणि विचारलं, लिओनीला मान लववली तर चालेल का? मी म्हटलं, तिचा गुडघा बघून लवव.

एकतीस तारखेला सकाळी दहा वाजता मी "दार वाजले" म्हणेन आणि हात वर करून उभा राहीन. किती वेळ ते तू ठरव.